भौतिकशास्त्राच्या प्रारंभिक अध्ययनासाठी उपयुक्त साधनांचा शोध व निवड : सीवूड्स परिसरातील विद्यार्थ्यांच्या संदर्भात

सारांश :

अकरावी, बारावी व पदवीच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला भौतिकशास्त्राच्या अभ्यासासाठी आज साधनांची टंचाई नाही. टंचाई आहे ती निवडीच्या निकषांची. प्रस्तुत लेखात विद्यार्थ्याच्या अडचणींचे भाषा, संकल्पना, गणित व प्रत्यक्षानुभव असे चार वर्ग केले असून, प्रत्येक अडचणीसाठी कोणते साधन उपयोगी पडते याचे विवेचन केले आहे. विवेचनासाठी नवी मुंबईतील सीवूड्स हा परिसर डोळ्यांसमोर ठेवला आहे. जे साधन विद्यार्थ्याकडून काही करवून घेते तेच उपयुक्त होय, असे येथे प्रतिपादन केले आहे.

प्रस्तावना :

दहावीची परीक्षा उत्तीर्ण होऊन विज्ञान शाखेत प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यापुढे भौतिकशास्त्र हा विषय एकाएकी नव्या रूपात उभा राहतो. शालेय विज्ञानात वर्णनाला जे स्थान होते ते आता युक्तिवादाला व गणिताला मिळते. व्याख्या पाठ असूनही उदाहरण सुटत नाही, आणि उदाहरण सुटले तरी उत्तराचा अर्थ लागत नाही, असा अनुभव येऊ लागतो. अशा वेळी विद्यार्थी व पालक साधनांच्या शोधाला लागतात. कोणी चार-पाच संदर्भग्रंथ एकदम विकत घेतो, कोणी खाजगी शिकवणीचे वाढते शुल्क भरतो, तर कोणी दृक्‌श्राव्य व्याख्यानांच्या महासागरात दिवसचे दिवस घालवतो. वर्षअखेरीस मात्र पहिल्या महिन्यातील अडचण जशीच्या तशी शिल्लक असते.

सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि तिने खाडीच्या पूर्वेस नवी मुंबई हे नियोजित शहर उभारले. नेरूळलगतचा सीवूड्स हा या शहराचा तुलनेने नवा भाग. येथील रेल्वे स्थानकाचे नाव जोडनाव आहे आणि त्यात परिसराचे सामाजिक स्वरूपही प्रतिबिंबित झाले आहे. एका बाजूस पाम बीच मार्गालगतची उंच निवासी संकुले आहेत, तर दुसऱ्या बाजूस दारावे व करावे ही आगरी-कोळी समाजाची जुनी गावे आहेत. येथे राज्य मंडळ व केंद्रीय मंडळ अशा दोन्ही अभ्यासक्रमांचे, तसेच इंग्रजी व मराठी माध्यमांचे विद्यार्थी शेजारीशेजारी राहतात. प्रशिक्षित सागरी अधिकारी घडविणारी ‘चाणक्य’ ही संस्थाही याच भागात आहे, आणि तेथे प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्यास बारावीचे भौतिकशास्त्र टाळता येत नाही. या सर्व विद्यार्थ्यांची आर्थिक स्थिती सारखी नाही. म्हणूनच साधनांच्या चुकीच्या निवडीची किंमत सर्वांना सारखीच मोजावी लागत नाही. ज्याच्या घरी दुसरी संधी विकत घेण्याची ऐपत नाही, त्याचे संपूर्ण वर्ष पणाला लागलेले असते. त्याच्यासाठी निवडीचा प्रश्न केवळ शैक्षणिक राहत नाही.

अडचणीचे स्वरूप ओळखणे :

‘भौतिकशास्त्रासाठी सर्वांत चांगले पुस्तक कोणते?’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो. परंतु अडचण कोणती आहे हे ठरल्याशिवाय त्याला उत्तर नाही. ताप कशाचा आहे हे न पाहता औषध सांगण्यासारखेच ते होईल. विद्यार्थ्याच्या अडचणी स्थूलमानाने चार प्रकारच्या असतात : १) मजकुराची भाषा कळत नाही. २) भाषा कळते पण संकल्पना मनात चुकीची बसली आहे. ३) संकल्पना समजते पण गणित आडवे येते. ४) सर्व समजते असे वाटते, पण जे शिकलो ते प्रत्यक्षात कोठे दिसते हे सांगता येत नाही.

न सुटलेले एखादे उदाहरण घेऊन ही अडचण ओळखता येते. प्रथम उदाहरण स्वतःच्या शब्दांत मराठीत सांगावे. ते जमले नाही तर अडचण भाषेची आहे. जमल्यास आकृती काढून वस्तूवर कोणकोणती बले आहेत ते दाखवावे. येथे अडल्यास अडचण संकल्पनेची समजावी. आकृती बरोबर असून समीकरण सुटत नसेल तर ती गणिताची होय. उत्तर आले, पण ते वास्तवात शक्य आहे की नाही हे सांगता येत नसेल, तर प्रत्यक्षानुभवाची उणीव आहे. या चाचणीस पाच मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागत नाही, आणि तिच्यामुळे अनावश्यक साधनांवरील महिन्यांचा अपव्यय टळू शकतो.

भाषेची अडचण व मराठीतील साधने :

अकरावीपासून विज्ञान शाखेत भौतिकशास्त्राचे अध्यापन सर्वसाधारणपणे इंग्रजीतून होते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ‘त्वरण’ हे रातोरात ‘अॅक्सिलरेशन’ होते, तर ‘संवेग’ हा ‘मोमेंटम’ होतो. त्याला वस्तुतः ठाऊक असलेली गोष्टही अपरिचित भासते आणि आपणास विषयच येत नाही असा त्याचा समज होतो. हा समज सर्वांत घातक आहे. बालभारतीच्या नववीच्या विज्ञान पुस्तकातील पहिले प्रकरण ‘गतीचे नियम’ हे आहे, तर दहावीच्या पहिल्या भागाचा प्रारंभ ‘गुरुत्वाकर्षण’ या प्रकरणाने होतो. ही पुस्तके अनुक्रमे २०१७ व २०१८ साली आली. अकरावीच्या यामिकीचा पाया याच प्रकरणांत आहे. म्हणून अकरावीचे इंग्रजी प्रकरण उघडण्यापूर्वी त्याचे मराठी पूर्वरूप पुन्हा वाचणे हा सर्वांत स्वस्त व परिणामकारक उपाय होय. बालभारतीची पाठ्यपुस्तके संस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत.

मराठी जाणणाऱ्याला आणखी एका गोष्टीबाबत सावध राहावे लागते. व्यवहारात आपण बल, शक्ती, ताकद व जोर हे शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरतो. शास्त्रात मात्र बल निराळे आणि शक्ती निराळी. शक्ती म्हणजे कार्य करण्याचा दर होय. डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन स्तब्ध उभी असलेली व्यक्ती दमते, परंतु शास्त्रीय अर्थाने ती हंड्यावर कार्य करीत नाही, कारण हंड्याचे विस्थापन शून्य आहे. वजन व वस्तुमान आणि चाल व वेग या जोड्यांचीही हीच गत आहे. परिभाषेतही एकवाक्यता नाही. पाठ्यपुस्तक ज्याला ‘त्वरण’ म्हणते त्याला मराठी विश्वकोशात ‘प्रवेग’ म्हटलेले आढळते. त्यामुळे प्रत्येक विद्यार्थ्याने वहीच्या शेवटच्या पानांवर तीन रकाने आखावेत. पहिल्यात इंग्रजी संज्ञा देवनागरीत, दुसऱ्यात मराठी संज्ञा आणि तिसऱ्यात एकक लिहावे. शासनाच्या भाषा संचालनालयाने सिद्ध केलेला भौतिकशास्त्र परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोशातील नोंदी यांचा येथे उपयोग होतो. मराठी विश्वकोश महाजालावरही वाचता येतो.

मराठीतून भौतिकशास्त्र वाचणे म्हणजे मागे राहणे नव्हे. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा २०१७ पासून व अभियांत्रिकीची ‘जेईई मेन’ २०२१ पासून मराठीतूनही देता येऊ लागली. तथापि पुढील शिक्षण बहुतांशी इंग्रजीतून असल्याने दोन्ही भाषांत विषय मांडता येणे हेच इष्ट ध्येय होय.

संकल्पनेची अडचण :

विद्यार्थ्याचे मन कोरी पाटी नसते. दैनंदिन अनुभवातून त्याने गतीविषयी स्वतःचे काही नियम आधीच बनविलेले असतात. ढकलणे थांबविले की हातगाडी थांबते, म्हणून गती टिकण्यास सतत बल लागते, हा असाच एक नियम. न्यूटनचा पहिला नियम तोंडपाठ म्हणणारा विद्यार्थीही उदाहरण सोडविताना नकळत याच जुन्या नियमाचा आधार घेतो. वर फेकलेल्या चेंडूचे सर्वोच्च बिंदूवरील त्वरण किती, असे विचारल्यास ‘शून्य’ हे उत्तर वारंवार मिळते. तेथे वेग शून्य असतो हे खरे. परंतु त्वरणही शून्य असते तर वेगात बदलच झाला नसता आणि चेंडू तेथेच अधांतरी लटकून राहिला असता. त्या क्षणीही त्वरण अधोदिशेने सुमारे ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकेच असते.

अशा गैरसमजांचा अभ्यास सीवूड्सपासून दूर नसलेल्या मानखुर्द येथे झाला आहे. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील संशोधनातून सुधीर पानसे, जयश्री रामदास व अरविंद कुमार यांनी १९९४ साली संदर्भचौकटीविषयीच्या विद्यार्थ्यांच्या पर्यायी कल्पना मांडल्या. संदर्भचौकट ही विचाराची सोय आहे. विद्यार्थी मात्र तिला ठराविक आकारमान असलेली वस्तूच समजतात, असे त्यात दिसून आले. लोकलगाडीचे उदाहरण घेतल्यास, गाडीची संदर्भचौकट डब्याच्या भिंतींपाशी संपते असे वाटणे हे या समजाचे रूप होय. वास्तविक एकसमान वेगाने धावणाऱ्या गाडीतून पाहिले असता नेरूळचा फलाटही त्याच चौकटीत मागे सरकत असतो.

या अडचणीवर पाठ्यपुस्तक पुन्हापुन्हा वाचणे हा उपाय नाही, कारण वाचताना गैरसमज उघडा पडत नाही. येथे प्रश्नरूप साधन हवे. अरविंद कुमार व शिरीष बर्वे यांचे ‘हाउ अँड व्हाय इन बेसिक मेकॅनिक्स’ हे पुस्तक अशा शंकांनाच वाहिलेले आहे. एच. सी. वर्मा यांच्या ‘कॉन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स’ या १९९२ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथातही गणिती उदाहरणांपूर्वी लघुत्तरी वैचारिक प्रश्न दिलेले आहेत. अनेक विद्यार्थी ते ओलांडून थेट उदाहरणांकडे वळतात. खरे पाहता संकल्पनेच्या दृष्टीने तेच प्रश्न अधिक मोलाचे आहेत. कोलोरॅडो विद्यापीठाचा ‘फेट’ हा परस्परक्रियात्मक अनुकरणांचा प्रकल्प नोबेल पारितोषिकविजेते कार्ल वीमन यांनी २००२ साली सुरू केला. तो विनामूल्य असून त्यातील अनेक अनुकरणे मराठीतही आहेत. त्यांचा वापर करताना ‘आता काय होईल’ याचे भाकीत आधी वहीत लिहावे आणि मगच कळ दाबावी. भाकीत न करता पाहिलेले अनुकरण करमणुकीपलीकडे जात नाही.

रिचर्ड फाइनमन यांची कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील १९६१ ते १९६३ मधील व्याख्याने जगप्रसिद्ध आहेत आणि ती आता महाजालावर विनामूल्य वाचता येतात. तथापि ते पहिले पुस्तक नव्हे. एखादे प्रकरण शिकून झाल्यावर त्याचा व्यापक अर्थ जाणण्यासाठी ती वाचावीत.

गणिताची व उदाहरणे सोडविण्याची अडचण :

भौतिकशास्त्राला सदिश, त्रिकोणमिती व कलनशास्त्र यांची गरज अकरावीच्या आरंभीच भासते. गणिताच्या तासाला मात्र हे घटक नंतर येतात. ही विसंगती लक्षात घेऊनच राज्य मंडळाच्या २०१९ च्या अकरावीच्या पुस्तकात दुसरे प्रकरण गणिती पद्धतींना दिले गेले. परीक्षेत त्यास फारसे गुण नाहीत या समजुतीने ते वगळणे म्हणजे पुढील सर्व प्रकरणांत अडखळण्याची तजवीज करणे होय.

एन.सी.ई.आर.टी.ची पाठ्यपुस्तके व नमुना प्रश्नसंग्रह संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर आलेल्या या भौतिकशास्त्राच्या पुस्तकांचे मुख्य सल्लागार पुणे विद्यापीठातील प्राध्यापक ए. डब्ल्यू. जोशी होते, आणि विज्ञान व गणिताच्या सल्लागार समितीचे अध्यक्षपद जयंत नारळीकर यांच्याकडे होते. २०२२ नंतर या पुस्तकांतून काही भाग कमी करण्यात आला. त्यामुळे जुनी प्रत हाती असल्यास प्रकरणांचे क्रमांक जुळत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यानेही हे पुस्तक दुसरे पुस्तक म्हणून जवळ ठेवण्यासारखे आहे. पदवीच्या प्रथम वर्षासाठी अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या ‘ओपनस्टॅक्स’ प्रकल्पाची मुक्त पाठ्यपुस्तके उपयोगी पडतात. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील रेस्निक व हॅलिडे यांचा ग्रंथही विसरू नये.

सोडविलेली उदाहरणे देणारी मार्गदर्शके हा वादाचा विषय आहे. ती त्याज्य नाहीत, परंतु त्यांचा वापर कसा होतो यावर सर्व अवलंबून आहे. मिशेलीन ची व सहकाऱ्यांनी १९८९ साली यामिकीची सोडविलेली उदाहरणे अभ्यासणाऱ्या विद्यार्थ्यांचे निरीक्षण केले. पुढे यशस्वी ठरलेले विद्यार्थी प्रत्येक पायरीला ‘हे येथे का केले?’ याचे स्पष्टीकरण स्वतःलाच देत होते, असे त्यांना आढळले. आपल्याला कोठे कळलेले नाही हेही त्यांच्या अधिक लक्षात येत होते. तात्पर्य, मार्गदर्शकातील उत्तर कागदाने झाकून प्रथम स्वतः प्रयत्न करावा. अडल्यास केवळ एक ओळ उघडावी आणि त्या ओळीचे कारण समासात लिहून पुन्हा झाकावे.

प्रत्यक्षानुभवाची अडचण व परिसर हेच साधन :

प्रयोगशाळेतील तास मर्यादित असतात आणि पुष्कळदा ते नोंदवही पूर्ण करण्यातच संपतात. घरी करता येण्याजोग्या तीन गोष्टी येथे सुचविल्या आहेत.

पहिली गोष्ट लंबकाची. एक मीटर लांबीच्या दोऱ्याला लहान जड वस्तू बांधून झोके मोजावेत. एका झोक्याचा काल सुमारे दोन सेकंद येतो. हाताने घड्याळ चालू-बंद करताना ०.२ सेकंदाची चूक झाली, तर एकाच झोक्याच्या मापनात ती दहा टक्के ठरते आणि गुरुत्व त्वरणाच्या मूल्यात वीस टक्क्यांपर्यंत पोहोचते. वीस झोके मोजून वीसने भागल्यास तीच चूक कालात अर्ध्या टक्क्यावर व त्वरणात एक टक्क्यावर येते. ‘वीस दोलने मोजा’ ही प्रयोगवहीतील सूचना कोठून आली, हे या एका आकडेमोडीने उमगते.

दुसरी गोष्ट भ्रमणध्वनीची. जर्मनीतील आखेनच्या तंत्रविद्यापीठाने २०१६ साली उपलब्ध करून दिलेले ‘फायफॉक्स’ हे विनामूल्य उपयोजन भ्रमणध्वनीतील संवेदकांची मापने आलेखरूपात दाखविते. लोकलमध्ये आसनावर बसून भ्रमणध्वनी मांडीवर स्थिर ठेवावा आणि गाडी सुटण्यापासून थांबेपर्यंतचे त्वरण नोंदवावे. समजा, गाडीने ३० सेकंदांत शून्यापासून ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर, वेग गाठला. तर सरासरी त्वरण ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग होते, आणि त्वरण एकसमान मानल्यास तेवढ्यात गाडी २२५ मीटर पुढे जाते. प्रत्यक्ष आलेख इतका सरळ येत नाही. तो का येत नाही, हाच पुढील अभ्यासाचा विषय. त्वरण-काल आलेखाखालील क्षेत्रफळ म्हणजे वेगातील बदल, हे वाक्य येथे डोळ्यांनी दिसते. टेबलावर निश्चल ठेवलेला भ्रमणध्वनीही ९.८ हा आकडा दाखवितो, ही बाब विद्यार्थ्याला चक्रावून टाकते. संवेदक गतीतील बदल थेट मोजीत नाही, तर टेबलाने दिलेला आधार मोजतो. मऊ गादीवर वीतभर उंचीवरून तो सोडल्यास पडताना आकडा जवळजवळ शून्य होतो. मुक्त पतनातील भारहीनतेचा याहून सोपा दाखला क्वचितच मिळेल.

तिसरी गोष्ट खाडीची. कोकणातील मच्छीमार समाजात भरतीची वेळ काढण्याची एक परंपरागत रीत आहे. तिथीचा अंक पाऊणपट करावा, म्हणजे पूर्ण भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. या रीतीमागील कारण विद्यार्थ्याला स्वतः काढता येते. एका चांद्रमासात तीस तिथी असतात आणि तेवढ्या अवधीत भरतीची वेळ एकूण चोवीस तासांनी मागे सरकते. म्हणून एका तिथीमागे ४८ मिनिटांचा उशीर येतो. पाऊणपटीच्या रीतीत तो ४५ मिनिटे धरला आहे, आणि तोंडी हिशेबासाठी इतकी अचूकता पुरेशी आहे. पंधराव्या तिथीला मात्र दोन्हींतील फरक पाऊण तास होतो. शिवाय हा उशीर दररोज सारखा नसतो. उधाणाच्या दिवसांत तो कमी व भांगाच्या दिवसांत अधिक असतो. महिनाभर वृत्तपत्रातील भरतीच्या वेळा टिपून त्यांचा आलेख काढल्यास रीत, गणित व वास्तव या तिन्हींची तुलना होते. प्रतिमान म्हणजे काय आणि त्याची मर्यादा कोठे येते, हे यातून समजते.

याच अनुषंगाने एन.सी.ई.आर.टी.च्या गुरुत्वाकर्षणावरील प्रकरणातील एक प्रश्न पाहण्यासारखा आहे. पृथ्वीवरील सूर्याचे आकर्षण चंद्राच्या आकर्षणापेक्षा सुमारे १८० पट मोठे असूनही भरतीवर चंद्राचा प्रभाव अधिक का? याचे उत्तर असे की, भरती आकर्षणाच्या एकूण परिमाणाने येत नाही. पृथ्वीच्या जवळच्या व दूरच्या बाजूंवरील आकर्षणातील फरकाने ती येते. हा फरक अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. सूर्य फार दूर असल्याने त्याचा भरतीकारक परिणाम चंद्राच्या निम्म्याहूनही थोडा कमी राहतो. करावे वा दारावे गावातील ज्या विद्यार्थ्याच्या घरात तिथीवरून भरती सांगितली जाते, त्याच्याकडे या प्रकरणाची गुरुकिल्ली आधीपासूनच आहे. पाठ्यपुस्तकाने ती त्याच्या हाती दिलेली नाही, इतकेच.

ज्यांना विद्यालयीन प्रयोगांची पूर्वतयारी करावयाची आहे त्यांच्यासाठी सी-डॅक व अमृता विश्व विद्यापीठम् यांनी विकसित केलेली ‘ओलॅब्स’ ही आभासी प्रयोगशाळा आहे. ती प्रत्यक्ष प्रयोगाची जागा घेऊ शकत नाही, परंतु प्रयोगाचा क्रम आधी ध्यानात आल्याने प्रयोगशाळेतील वेळ मापनासाठी मोकळा राहतो. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावरील टाकाऊ वस्तूंपासूनची वैज्ञानिक खेळणी व मराठी पुस्तकेही विनामूल्य असून, लहान भावंडांना शिकविता शिकविता स्वतःचे ज्ञान पक्के करण्यास ती उत्तम आहेत.

हार्बर मार्गावरील संस्था :

सीवूड्सच्या विद्यार्थ्याला एक भौगोलिक लाभ आहे. हार्बर मार्गाने नेरूळ, जुईनगर, सानपाडा व वाशी ही स्थानके मागे टाकली की पाचवे स्थानक मानखुर्द येते. तेथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. १९७४ साली स्थापन झालेले हे केंद्र देशातील विज्ञान ऑलिंपियाडचे मध्यवर्ती केंद्र आहे. २०१५ सालची आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिंपियाड मुंबईत याच केंद्राच्या यजमानपदाखाली झाली. ऑलिंपियाडच्या मागील प्रश्नपत्रिका व त्यांची उत्तरे केंद्राच्या संकेतस्थळावर मिळतात. स्पर्धेत उतरावयाचे नसले तरी महिन्यातून एखादा प्रश्न निवांतपणे सोडविणे लाभदायक असते, कारण ते प्रश्न सूत्राच्या आठवणीवर सुटत नाहीत.

याच मार्गावर पुढे चुनाभट्टी येथे १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेचे विज्ञान भवन आहे. परिषदेचे मासिक व व्याख्याने यांतून विज्ञान मराठीत कसे मांडावे याचे नमुने मिळतात. वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र १९८५ पासून विद्यार्थ्यांच्या सेवेत आहे. तेथील हाताळण्याजोगी प्रारूपे पाहताना ‘यामागे पुस्तकातील कोणता नियम आहे?’ हा प्रश्न सोबत न्यावा, अन्यथा ती भेट सहलीपुरतीच राहते.

साधनाची पारख :

एखादे साधन उपयुक्त आहे हे कसे ओळखावे? विद्यार्थ्याचे नैसर्गिक उत्तर असते, ‘ऐकताना सर्व कळले, म्हणून ते चांगले.’ हा निकष मात्र फसवा आहे. हार्वर्ड विद्यापीठात लुई डेलॉरिये व सहकाऱ्यांनी प्रारंभिक भौतिकशास्त्राच्या वर्गांत केलेला व २०१९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात बोलका आहे. ज्या विद्यार्थ्यांनी स्वतः उदाहरणे सोडवीत पाठ शिकला त्यांना चाचणीत अधिक गुण मिळाले. ओघवते व्याख्यान ऐकणाऱ्यांना गुण कमी मिळाले, पण आपण अधिक शिकलो असे वाटले ते त्यांनाच. रिचर्ड हेक यांनी १९९८ साली सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या गुणांचे विश्लेषण केले होते. शिकण्यापूर्वी जेवढी सुधारणा शक्य होती, तिच्यापैकी पारंपरिक व्याख्यानवर्गांत सरासरी २३ टक्के साध्य झाली, तर विद्यार्थ्यांना कृतिप्रवण करणाऱ्या वर्गांत ४८ टक्के साध्य झाली. हे आकडे परदेशी वर्गांचे आहेत, त्यामुळे ते जसेच्या तसे येथे लागू करणे योग्य होणार नाही. परंतु सोपे वाटणे म्हणजे शिकणे नव्हे, हा त्यांचा बोध स्थलातीत आहे.

यावरून कोणत्याही साधनासाठी पुढील चार प्रश्न विचारावेत :

१) हे साधन माझ्या नेमक्या कोणत्या अडचणीसाठी आहे?
२) ते माझ्याकडून भाकीत, आकृती, आकडेमोड किंवा स्पष्टीकरण यांपैकी काही करवून घेते काय?
३) माझे उत्तर चुकल्यास ते का चुकले हे त्यातून कळते काय?
४) दोन दिवसांनी साधन बंद ठेवून तोच भाग मला कोऱ्या कागदावर मांडता येतो काय?

चौथा प्रश्न निर्णायक आहे. दृक्‌श्राव्य व्याख्यान कितीही रंजक असले तरी ते या कसोटीस उतरले नाही, तर थांबवून, टिपणे काढून, मधे स्वतः उदाहरण सोडवून ते पुन्हा पाहावे. तरीही उतरले नाही तर ते सोडून द्यावे. हेच खाजगी शिकवणीलाही लागू आहे.

सामान्य परिस्थितीतील विद्यार्थ्यासाठी एक किमान संच असा सुचविता येईल : स्वतःच्या मंडळाचे पाठ्यपुस्तक, नववी-दहावीची मराठी विज्ञान पुस्तके, दुसरे पुस्तक म्हणून एन.सी.ई.आर.टी., वैचारिक प्रश्नांसाठी ग्रंथालयातून आणलेला एक संदर्भग्रंथ, तीन रकान्यांची शब्दवही आणि आठवड्यातून एकदा चर्चेस बसणारे दोन-तीन सोबती. यांतील बहुतेक गोष्टी विनामूल्य आहेत. सोबत्यांचा उल्लेख औपचारिक नाही. दुसऱ्यास समजावून सांगताना स्वतःच्या आकलनातील छिद्र जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र दिसत नाही. मराठी व इंग्रजी माध्यमाचे विद्यार्थी एकत्र बसल्यास एकाची संज्ञा व दुसऱ्याची कल्पना यांची देवघेवही होते. मराठी माध्यमाचा विद्यार्थी तेथे घेणाऱ्याच्या भूमिकेतच राहत नाही, तो देणाराही ठरतो.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसते की, प्रारंभिक भौतिकशास्त्राचे अध्ययन साधनांच्या संख्येवर अवलंबून नाही. अडचण ओळखून तिच्यासाठी एकच योग्य साधन निवडणे आणि ते पूर्णपणे वापरणे हे अधिक फलदायी आहे. सीवूड्ससारख्या परिसरात महाजालावरील मुक्त साहित्य, हार्बर मार्गावरील संस्था, लोकलगाडी व खाडी ही सर्व साधने श्रीमंत व गरीब विद्यार्थ्यांना जवळपास सारख्याच अंतरावर आहेत. ती त्यांच्यापर्यंत पोहोचविण्याचे काम शिक्षक व ग्रंथपालांनी अंगावर घेतले पाहिजे. अकरावीच्या पहिल्या महिन्यातच प्रत्येक महाविद्यालयाने अडचण ओळखण्याची लहानशी चाचणी घ्यावी, संज्ञांची मराठी-इंग्रजी सूची द्यावी आणि ग्रंथालयातील उपयुक्त पुस्तकांची प्रकरणनिहाय यादी फलकावर लावावी. यासाठी निधीची फारशी गरज नाही. शिकवणीचे शुल्क परवडत नाही म्हणून एखाद्या विद्यार्थ्याला भौतिकशास्त्र सोडावे लागणार नाही, एवढे जरी यातून साधले तरी हा प्रयत्न सार्थकी लागेल.